हिरजीशेठच्या बोटीची वीज

रमाकांतची नोकरी आणि लग्न, दोन्ही एका मशीनवर येऊन अडकली होती. डिलाईल रोडच्या शेडमधलं ते छोटं गॅस टर्बाइन म्हणजे काय चीज होती म्हणून सांगू! आकार लग्नातल्या ट्रंकेएवढा, खाणं रॉकेलचं, आणि वीज अशी की हिरजीशेठच्या चैनीच्या बोटीवरचे दिवे, पंखे, फ्रिज सगळं एकट्याने चालवील. बोटीच्या जुन्या डिझेल इंजिनाने कपबश्या नाचायच्या आणि शेठाणीच्या पोटात ढवळायचं. हे बेटं चालू असताना त्याच्या चौकटीवर काठोकाठ भरलेला चहा ठेवा, थेंब सांडायचा नाही. रमाकांत तर त्याच्या प्रेमातच पडला होता.

शेडचे मालक शामराव साहेब यांनी बजावलं होतं, "शेठ हो म्हणाले तर तू पर्मनंट. नाही म्हणाले तर दुसरीकडे बघ." आणि पर्मनंट झाल्याशिवाय कालिंदीचे वडील, तात्या, मुहूर्ताचं नाव काढू देत नव्हते.

अडचण एकच होती. शेठना मशीन भरल्या लोडवर, म्हणजे विजेचा पुरेपूर खप होत असताना, चालताना बघायचं होतं, आणि शेडमध्ये होते दोन मिणमिणते बल्ब.

"लोडची काय चिंता करतोस रे?" वायरमन दौलत म्हणाला. "उद्या संध्याकाळी समोरच्या मैदानात आमचा कार्यक्रम हाय. बल्बच्या माळा, लाऊडस्पीकर, पायजे तेवढं लोड घे. मैदानाच्या मालकानं आमची लाइन कापलीय. तू वीज दे, मी वायर टाकतो."

"कार्यक्रम कसला?"

"घरचंच कार्य समज ना!"

सत्यनारायण असेल, असं रमाकांतने धरलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगीच नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. आधी गुणगुणलं, मग त्याचा सूर चढत चढत आभाळाला लागला. आता गिरणगावात असा चढता आवाज म्हणजे एकच, भोंगा! चाळीचाळींतून माणसं धावत बाहेर आली. "कुठल्या गिरणीचा रे हा? आता कसली पाळी?" पाळी कुठेच नव्हती, पण मैदानात झगझगीत उजेड होता. आली ती तिथेच बसली. बघता बघता करी रोडपर्यंत माणूसच माणूस झालं.

त्या गर्दीत हिरजीशेठची मोटार रुतली. शेठ घामाघूम होऊन शेडमध्ये शिरले, पण मशीनवरचा चहा बघून सगळा शीण विसरले.

"वाह! थेंब हलत नाय! आवाज मोठा हाय, पन."

"बोटीवर आवाज कोंडायची पेटी बसते, शेठ."

"बेस! आनि लोड?"

"ते मैदानात बघा!" रमाकांत छाती फुगवून म्हणाला.

आणि तेवढ्यात लाऊडस्पीकर गरजला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." हजारो गळे उत्तरले, "झालाच पाहिजे!"

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, मुंबई माझ्या हातातून काढायला माझीच वीज?"

रमाकांत बटणाकडे झेपावला. दौलतने त्याचा हात धरला. "येडा झालास? हजारो माणसं काळोखात, आणि मधोमध शेठची मोटार!"

वीज कुणाची ते दौलतने आधीच वर कळवून ठेवलं होतं. तोवर व्यासपीठावरून आवाज आला, "आपली लाइन कापली, तेव्हा आपल्याला वीज देणारे हिरजीशेठ इथे आलेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. चार पोरांनी शेठना उचललं, वर नेऊन हार घातला आणि माइकपुढे उभं केलं.

शेठनी माइक दोन्ही हातांनी धरला. "भाईलोक, मी... मी मशीन बघायला आला होता. मशीन लई बेस हाय!"

टाळ्या! शेठनी चमकून पाहिलं.

"तुमचा आवाज पन लई बेस हाय!"

मग तर टोप्या उडाल्या. शेठ त्यानंतर बराच वेळ बोलले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण लोकांनी त्यांना खाली उतरू दिलं नाही.

अखेर ते गळ्यातल्या हारासकट शेडमध्ये परतले. रमाकांतने मनातल्या मनात कालिंदीचा निरोप घेतला.

"शेठ, चूक माझी. पण मशीनमध्ये खोट नाही. नोकरी गेली तरी मी हेच सांगेन."

"मशीन घेतला मी," शेठ म्हणाले. "शामरावला सांगतो, ह्या पोराला पर्मनंट कर."

रमाकांतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने शेठचे पायच धरले.

"पन बोटीवर इतक्यात नेऊ नको. ट्रायल अजून पुरी नाय झाली."

"आता कसली ट्रायल, शेठ?"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं, गळ्यातला हार सारखा केला आणि हळूच विचारलं, "पुढची सभा कधी हाय?"