ओसरीवर थांबवलेला करंट

आमच्या गल्लीत गेलेली लाईट परत आली तरी ती लगेच आमच्या घरात शिरत नसे. आधी ती शेजारच्या तात्यांच्या ओसरीवर यायची, तिथे जरा वेळ बसायची, आणि तात्यांची खात्री पटली म्हणजे मगच आमच्याकडे यायची. माझं लग्न ठरवताना माझ्या वडिलांनीही सासरच्यांची एवढी चौकशी केली नव्हती.

मी परभणीची. लग्न होऊन जिंतूरकडच्या ह्या गावात आले ती रुखवतात मिक्सर घेऊन. गावातला तो पहिलाच मिक्सर, त्यामुळे नव्या नवरीपेक्षा तो बघायलाच जास्त बायका जमल्या. शेंगदाण्याची चटणी करून दाखवायचं ठरलं आणि ऐन वेळी लाईट गेली. बऱ्याच वेळाने आली. मी उत्साहाने बटणाकडे हात नेला, तोच मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला, "सूनबाई, हात मागं घ्या. आत्ताच आलाय त्यो. दम खाऊ द्या त्याला."

मी दचकून हात मागे घेतला. कोण आलंय तेच मला कळेना. सासूबाई मात्र निवांत होत्या. म्हणाल्या, "तात्या हायत. थांब जरा."

तात्या म्हणजे उंच, वाळके, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ. सुतार कानाला पेन्सिल खोवतो तसा त्यांच्या कानाला टेस्टर. खरं तर नदीकाठी काळीभोर जमीन, दारात बैल, आणि विजेशी कामाधंद्याचा काडीचा संबंध नाही. पण त्यांनी ओसरीवर एक बल्ब लावलेला होता, तो घरातल्या मेन स्विचच्या अलीकडून. लाईट गेली की ते मेन स्विच पाडायचे. परत आली की आधी फक्त तो बल्ब लागायचा. मग तात्या त्याच्याखाली बैठक मारून पानाचा डबा उघडत. पानाच्या शिरा काढायच्या, चुना लावायचा, सुपारी कातरायची, आणि मधून मधून मान वर करून बल्बाकडे बघायचं. फार पांढरा दिसला तर "डोकं गरम हाय", लालसर दिसला तर "जीव न्हाई आज". विडा तयार होईपर्यंत बल्ब एकसारखा जळला तरच तात्या उठून मेन स्विच चढवत आणि भिंतीवरून ओरडत, "घ्या घरात."

यात वेडेपणा असेल तर तो फक्त पानापुरता. गेलेली लाईट येताना झटके देत येते, पंख्याची, मोटारीची वाइंडिंग जाळते, हे खरंच होतं. पण रविवारी सकाळी तात्यांच्या घरी टीव्हीवरची मालिका बघायला अख्खी गल्ली जमायची, आणि बाहेर तात्या सुपारी कातरत बसायचे, तेव्हा ते कुणाला पटत नसे. निम्मी मालिका सुपारीत जायची. कुणी कुरकुर केली की तात्या म्हणत, "आलेल्याला एकदम आत घेऊ न्हाई. आधी ओसरीवर बसवावं, बघावं."

मागच्या अंगणात तुळशीशेजारी त्यांनी अर्थिंगचा खड्डा केला होता. खाली लोखंडी पट्टी, वर मीठ, कोळसा, मीठ, कोळसा. उन्हाळ्यात तात्यांच्या घरच्या काकू सकाळी एक तांब्या तुळशीला घालत आणि एक खड्ड्याला, दोघांना सारख्याच भक्तीने. जमीन कोरडी पडली की करंटाला जायला वाट राहत नाही, मग तो माणसातून वाट काढतो, असं तात्यांचं म्हणणं. आभाळ भरून आलं की ते गल्लीत घरोघर फिरत, टीव्हीची अँटेनाची वायर काढा, पिना उपसा. आमच्याकडचा सेलवर चालणारा रेडिओसुद्धा त्यांनी एकदा बंद करायला लावला. त्याला काही होत नाही म्हटलं, तर म्हणाले, "आज रेडिओला सूट दिली की उद्या मिक्सरबी मागतो."

मला सगळ्यात आवडायच्या त्या उन्हाळ्यातल्या दुपारी. लाईट गेलेली असायची, पंख्याची पाती थांबलेली, माळवदाच्या सावलीत सगळी गल्ली अर्धवट झोपेत. मी भिंतीला डोकं टेकून पडलेली असायचे आणि पलीकडून तात्या-काकूंचं बोलणं पाण्यासारखं झुळझुळत यायचं.

"सकाळी लय उतरला होता."

"जेवला नसंल."

"कालबी तसाच."

"ऊन बाधलं असंल. त्याला ऊन सोसत न्हाई."

लाईटला ऊन कसं बाधेल, असा विचार करता करता मला झोप लागून जायची. नवराबायको करंटाबद्दल इतक्या मायेने बोलतात याचं मला हसू यायचं. एकदा मी सासूबाईंना तसं हसत सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला आत बोलावून घेतलं आणि काय ते सांगितलं.

तात्यांना एकच मुलगा, मधुकर. विजेचा डिप्लोमा करायला वसतिगृहात होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला त्या साली तो सुट्टीत घरी आला, तो खोलीतल्या दोस्ताला घेऊन. दोस्त सुभाष, पूर्णेकडच्या बौद्ध वस्तीतला. गावागावात तेव्हा हवा तापलेली होती, ओसरीवर भावकी बसलेली होती. तात्यांनी सुभाषला ओसरीच्या पायरीवरच थांबवलं आणि वरून ओंजळीत पाणी घातलं. मधुकर म्हणाला, तो माझ्याबरोबर आत जेवेल. तात्या नाही म्हणाले. मधुकर पाणीही न पिता दोस्ताचा हात धरून निघून गेला, आणि तात्यांनी चार माणसांदेखत शब्द टाकला की ह्या घरात पुन्हा त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. पुढे मधुकरला येलदरीच्या धरणावर वीजघरात नोकरी लागली. येलदरी तशी जवळच. संध्याकाळी माळवदावर चढलं की तिकडच्या दिव्यांचा फिकट उजेड दिसायचा. तात्या बराच वेळ तिकडे तोंड करून उभे असत. मुलगा काही आला नाही, आणि तात्यांनी शब्द काही मागे घेतला नाही.

म्हणजे करंट येलदरीतून येतो आणि तो मधुकर सोडतो, असा तात्यांचा हिशेब होता. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर हसूही आलं.

मग एका संध्याकाळी डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार तुटली आणि व्होल्टेज भलतंच चढलं. दिवेलागणीची वेळ. लाईट नुकतीच परत आलेली, आणि बघता बघता गल्लीतले बल्ब पांढरे लख्ख होऊन फटाफट फुटायला लागले. कुणाचा पंखा जळला, कुणाचा टेप, गिरणीवाल्याच्या मोटारीतून धूर निघाला. तात्यांच्या ओसरीवरचा बल्ब तर काच उडवत गेला, पण मेन स्विच पाडलेलाच होता. घरात काही झालं नाही. आमच्या घरातही नाही, आमचाही मेन स्विच पाडलेला, कारण "घ्या घरात" असं अजून कुणी म्हटलेलंच नव्हतं. सगळी गल्ली तात्यांचं कौतुक करायला लोटली, तर तात्या काचा वेचत बसलेले आणि चेहरा उतरलेला. काकूंना म्हणत होते, "येवढा कधी चिडत न्हाई गं. काय झालं असंल?" काकू म्हणाल्या, "कुणी टाकून बोललं असंल त्याला."

त्या दिवसापासून गावाचा तात्यांवर भरोसा बसला, आणि भरोशाबरोबर त्यांची समजूतही गावाने उचलली. लोक गाऱ्हाणी घेऊन यायला लागले. कुणाचा गहू पाण्याला आलेला, व्होल्टेज नसल्याने मोटार उचलत नाही. कुणाच्या घरी लग्न, मांडवात उजेड पाहिजे. तात्या कुणाला नाही म्हणत नसत. ओसरीवर नव्या बल्बाखाली उभे राहून म्हणत, "उद्या मांडव हाय बरं का. जरा सबुरीनं घे." एखाद्या वेळी लाईट टिकायची, आणि लोक एकमेकांना सांगायचे, बाप बोलला की पोरगं ऐकतं. टिकली नाही, तर बापलेकाचं जमत नाही, त्याला तात्या तरी काय करणार.

माझे यजमान गावातल्या शाळेत शिक्षक. त्या हिवाळ्यात शाळेची सहल येलदरीला गेली आणि मीही बरोबर गेले. धरणाचं पाणी इतकं स्वस्थ होतं की काठावर उभं राहिलं तर आपणच हललोय असं वाटावं. वीजघरात यंत्रांची एकसुरी घरघर, आणि पोरांना ती यंत्रं समजावून सांगणारा उंच, वाळका माणूस. चेहरा बघून नाव विचारायची गरजच पडली नाही.

पोरं डबे सोडायला पांगली तेव्हा मी त्याला गाठलं. तुमच्या व्होल्टेजबद्दल गावाची तक्रार आहे म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तो आधी मनापासून हसला. म्हणाला, इथली वीज मोठ्या तारांत जाऊन मिसळते, पुढे ती कुणाच्या घरी गेली ते देवालाही कळायचं नाही. माझ्या हातात गावाचा कुठलाच खटका नाही. मग हसू थांबलं. "पण वहिनी, हे तात्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय. तो ओसरीवरचा बल्ब, तो मिठाचा खड्डा, सगळं मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत करून दिलं होतं. तात्या घमेल्यातून कोळसा आणून देत होते."

मी घरी चला म्हटलं. तो म्हणाला, "सुभाष आधी आत जाईल. त्याच्यामागून मी. तो बाहेर अन् मी आत, हे जमायचं नाही. तात्यांना एवढंच सांगा."

परतल्यावर मी तात्यांपुढे जाऊन बसले. ऊन कलतं झालं होतं, तात्या पानाच्या शिरा काढत होते. मधुकर भेटला, असं मी त्याचं नाव घेऊन सांगितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग तारा कशा जातात तेही सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सूनबाई, मी काय येडा हाय? तारंचं मला म्हाईत हाय." ते आतल्या बाजूला बघत हळू आवाजात बोलत होते. "नाव घ्यायचं न्हाई म्हणून मीच बोललो, चारचौघांत. मग हिनं कुणाबद्दल बोलावं? महिनोमहिने तोंड मिटून होती. एक दिवस लाईट गेली तर मी म्हणलो, रुसलाय वाटतं त्यो. तवा ही म्हणली, दमला असंल. तिथून बोलायला लागली बघा."

आजवर मी भिंतीपलीकडून ज्याला हसत आले होते, ते ह्या दोघांचं एकमेकांना जगवणं होतं. मग मी मधुकरचा निरोप सांगितला. तात्यांनी पान तसंच डब्यात ठेवलं आणि एवढंच विचारलं, "सुभाष कुठं असतो आता?"

सुभाष चुडाव्याच्या शाळेत शिक्षक होता, ते मधुकरने मला बोलता बोलता सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तात्या धुतलेलं धोतर नेसून पहिल्या एसटीने परभणीला गेले आणि तिथून रेल्वेने चुडाव्याला. तिथे काय झालं ते सुभाषनेच आम्हाला पुढे सांगितलं. भर उन्हात तात्या दारात उभे. त्याची आई म्हणाली, आत या. तर म्हणाले, "न्हाई, मी इथंच बसतो. तुमच्या लेकाला मी असंच बसवलं होतं." आणि पायरीवर बसून राहिले. सुभाषने पेल्यातून पाणी आणलं, ते तात्या प्यायले. मग म्हणाले, "रविवारी जेवायला घरी ये. मी बोलवायला आलोय." त्यानंतर सुभाषच्या आईने त्यांना हाताला धरून आत नेलं.

रविवारी भावकीतलं कुणी फिरकलं नाही. काहींनी तर पुढे तात्यांकडे येणंच सोडलं. पण पंगत आतल्या खोलीत बसली. आधी सुभाष आत गेला, मागून मधुकर. दोघांच्या मधोमध तात्यांचं ताट. मी काकूंना मदतीला होते. तात्या ताटाकडे बघत जेवत होते, एक शब्द बोलत नव्हते. वांग्याच्या भाजीत त्या दिवशी मीठ जरा जास्तच पडलं होतं, पण कुणी काही म्हटलं नाही.

बोलत होत्या त्या काकू. "मधुकर, भाकरी वाढू का? मधुकर, ठेचा घे की. मधुकर, सुभाषला दही दे रं तिकडं. मधुकर, पाणी पे." प्रत्येक वाक्यात त्याचं नाव. त्याचं पोट भरलं, ताट रिकामं झालं, वाढायलाही काही उरलं नाही. तरी त्या चुलीजवळून पुन्हा म्हणाल्या, "मधुकर."

"काय गं माय?"

"काई न्हाई रे," काकू म्हणाल्या, "उगंच."