'हो' दाबण्याची कार्यपद्धती

ज्या संस्थेची यंत्रणा तिथल्याच माणसांना समजते, ती संस्था अजून मागासलेली आहे असे खुशाल समजावे. आमचे रुग्णालय कालपरवापर्यंत असेच मागासलेले होते. जिन्याखाली एकच सर्व्हर होता. तो बसला की पंखेकाका (मूळ काम पंखे दुरुस्त करणे, पण वायर तिथेही असते आणि इथेही, या तत्त्वावर संगणक विभागात बढती) तो बंद करून पुन्हा चालू करत. काम भागत असे, पण त्यात प्रतिष्ठा नव्हती. पाहुण्यांना दाखवायचे काय?

म्हणून खरेदी समितीने, जिचा मी अध्यक्ष, नऊ सर्व्हरांची यंत्रणा घेतली. एक पडला तर दुसरा उभा राहतो, दुसरा डळमळला तर तिसरा त्याची चौकशी करतो. एकत्र कुटुंबच म्हणा ना. विकणाऱ्याने एक भाबडा प्रश्न केला, "हे सांभाळणार कोण?" आम्ही एकमुखाने सांगितले, "आहेत आमच्याकडे." (होते एकटे काकाच, बहुवचन आदरार्थी.)

यंत्रणेची गुंतागुंत आणि सांभाळणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसला पाहिजे, हे समितीलाही मान्य होते. त्यासाठी काकांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण दिले. निम्मा वेळ चहात गेला, उरलेल्यात वीज गेली. समाधानी प्रशिक्षणार्थी शंभर टक्के (एकूण प्रशिक्षणार्थी: एक). मेळ बसल्याची नोंद झाली.

यंत्रणा बोलकी निघाली. घडीघडी पडदाभर मजकूर दाखवून विचारायची: हो की नाही? काकांनी लवकरच शोध लावला, की 'नाही' दाबले तर ती कारण विचारते आणि 'हो' दाबले तर गप्प बसते. संसार केलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. तेव्हापासून काका सगळ्यालाच 'हो' म्हणू लागले. तक्रारी शून्यावर आल्या. आम्ही त्यांचा सत्कार केला.

मग एका सकाळी यंत्रणेने विचारले, की चालू नोंदी पुसून गेल्या महिन्याच्या ठेवू का? काका चष्मा पुसत होते. त्यांनी 'हो' दाबले.

रुग्णालय एक महिना मागे गेले. रुग्ण मात्र हट्टाने आजच्याच तारखेत राहिले. खिडकीजवळच्या खाटेवर काचबिंदूची एक म्हातारी होती. डोळ्यातला दाब वाढलेला. त्याच दिवशी ऑपरेशन झाले नाही तर नजर जाणार होती. यंत्रणेच्या मते त्या खाटेवर पाय मोडलेला एक ट्रकचालक होता. दुपारी मुलगी डबा घेऊन आली, तर आईचा धडधाकट पाय प्लास्टरमध्ये.

"अहो सिस्टर, आईचा डोळा दुखतोय! पायाला काय झालंय तिच्या?"

"स्क्रीनवर पायच आहे, ताई."

"मग तिलाच विचारा ना!"

"विचारलं. पाय दुखत नाही म्हणतात. प्लास्टरला घाबरून पेशंट काहीही बोलतात हो."

मुलगी मजल्यामजल्यावर धावली. डॉक्टर म्हणाले, नोंद दुरुस्त करून आणा, लगेच आत घेतो. काका म्हणाले, "दुरुस्त करायला गेलं की ती कायकाय विचारते. मी आपलं हो म्हणतो, की पुन्हा ट्रकवाला हजर!" विकणाऱ्याला फोन केला. त्याने प्रांजळपणे सांगितले, की एवढे त्यालाही कळत नाही, तो फक्त विकतो. नोंद सुधारेपर्यंत डोळा गेला. मला फार वाईट वाटले. समितीलाही वाटले, तसा ठरावच झाला. पाय मात्र उत्तम बरा झाला आणि आकडेवारीत ती केस यशस्वी ठरली.

मुलगी माझ्याकडे आली. ओरडली असती तर बरे झाले असते. हळूच म्हणाली, "यंत्राने एवढं मोठं विचारलं, आणि यांनी न वाचता हो दाबलं?"

मी तिच्यापुढे दुसरा पडदा उघडला. आईला दाखल करताना तिच्यासमोर धरला होता तोच. यंत्रणा सांगेल तीच रुग्णाची ओळख मला मान्य आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. खाली तिने 'हो' दाबलेले होते.

"आई कळवळत होती हो. तेव्हा एवढं कोण वाचतं?" म्हणाली, आणि रडू लागली.

चौकशीत काकाही हेच म्हणाले होते, फक्त रडले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, काय हा निष्काळजीपणा! अवश्य म्हणा. पण परवाच तुमच्या फोनने तुम्हाला लांबलचक काहीतरी विचारले, आणि तुम्ही अंगठ्याने सरसर खाली जाऊन 'मान्य' दाबलेत. कशाला मान्यता दिलीत, आठवते का? नसेल आठवत तर काळजी नसावी. वेळ आली की आम्हीच दाखवू.