बेसिनखालचं इंजिन

आमच्या मोटरसायकलचं इंजिन बाथरूममध्ये बेसिनखाली राहायला आलं, त्याला खंडेनवमी कारणीभूत आहे. त्या दिवशी आमच्या घरी यंत्रांची पूजा होते. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंजिनाला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि भरात म्हणाले, "आता तू घरचाच." बोलायला काय जातंय यांचं. दुसऱ्या दिवशी इंजिनाने विचारलं, "मग माझी जागा कुठली?"

प्रश्न रास्त होता.

ते इंजिन मीच वाढवलं होतं. शंभर सीसीचं होतं. सिलिंडरचं बोअर मोठं केलं, पिस्टन मोठा घातला, कार्बोरेटर बदलला. हे सगळं माझ्या बहिणीसाठी, पद्मजाआक्कासाठी. ट्रकने उडवल्यापासून ती व्हीलचेअरवर आहे. साइडकार जोडून तिला पन्हाळ्यावर न्यायचं होतं आणि जुन्या इंजिनाला तो चढ झेपत नव्हता.

बेसिनही तिच्यासाठीच. आई तिला पलंगावर पातेलं आणून द्यायची, त्यात आक्का चूळ भरायची. सगळ्यांसमोर. मी बेसिन खाली घेतलं, त्याच्याखालचं कपाट उखडलं, पाइप भिंतीकडे वळवला, म्हणजे खुर्ची आत शिरेल आणि गुडघे आपटणार नाहीत. "ती रिकामी जागा बरी दिसत नाही," भूपालकाका म्हणाले. त्यांना गुडघे दिसतच नव्हते. सिमेंट वाळेपर्यंत थांबायचं होतं. आक्का रोज विचारायची, "वाळलं का रे?"

वाळलं त्या दिवशी इंजिन तिथं जाऊन बसलं.

"बोअर वाढल्यापासून तापतो मी," ते म्हणालं. "इथं गारवा आहे."

घरात बैठक झाली. आण्णा, काका, आणि दारात आई.

"ती आक्काची जागा आहे," मी म्हणालो.

"तू गप. डिप्लोमा सोडलास तेव्हाच तुझं बोलणं संपलं," आण्णा म्हणाले.

"इंजिन तरी कुठं शिकलंय?"

"ते नम्र आहे," काका म्हणाले.

हे खरं होतं. 'आण्णा' म्हणताना ते आवाज उतरवायचं. मला ते कधी जमलं नाही.

"देवासमोर शब्द दिलाय मी त्याला," आण्णा म्हणाले.

"आक्काला पण दिला होता की, दवाखान्यात. सगळं तुझं तू करशील म्हणून."

"ते धीर द्यायला बोलतात माणसं."

तेवढ्यात आक्का स्वतःच खुर्ची ढकलत आली. बाथरूमच्या दारात थांबून इंजिनाला म्हणाली, "सरक की जरा."

"आण्णा म्हणाले तर सरकतो."

तिने आण्णांकडे बघितलं. आण्णा पंख्याकडे बघत म्हणाले, "पलंगावर सगळं मिळतंय की बाळ तुला."

आक्काने खुर्ची वळवली. चाक चौकटीत अडलं. तिघांनीही आपापले पाय मागे घेतले. मी चाक सोडवलं.

गाडी अंगणात उभी होती, पोटात काही नसलेली. मी ती मधल्या स्टँडवर घेतली आणि तिची टाकी उतरवली. मग बाथरूममधलं बेसिन काढलं. कुणी अडवलं नाही. इंजिनालाच वरून थेंब नको होते. टाकीच्या जागी बेसिन बसवलं, नळीने पाणी आणलं, पाइप गटारीकडे सोडला. इंजिन नव्हतं तिथून आक्काचे पाय आरपार गेले. गुडघे कुठंही लागले नाहीत.

सकाळी तिने नळ स्वतः सोडला. दात घासले. मग तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा. गल्लीतून माणसं दुधाला जात होती. तिच्यापाशी आली की मोबाइल काढून त्यात बघायची. समोरच्या मगदूम काकू, ज्या रोज तिची चौकशी करतात, त्यांनी खिडकी लोटून घेतली.

घरातून कुणी बाहेर आलं नाही. इंजिनाला रात्री खोकला झाला होता आणि सगळे त्याच्यापाशी होते.

"टॉवेल आणू?" मी विचारलं.

"नको. वाळू दे."

थोड्या वेळाने मी विचारलं, "आत जायचं?"

"कुणाकडं?"

आतून आण्णांनी हाक मारली, "दार लावा रे, ऊन लागतंय त्याला."

मी दार लावलं. बाहेरून.