मास्तरांच्या राजाची शेवटची टांकसाळ

"मान वर कर ना रे बाबा. सोळाशे वर्षं खाली बघून झालं, आता तरी कर."

ही कुरकुर मशीनच्या पलीकडून, कापायच्या टेबलावरून आली. मास्तर एका बशीवर इतके वाकले होते की नाकाचा शेंडा तेलात बुडायचाच बाकी होता. मशीनवर बसलेल्या त्यांच्या बायकोने पाय थांबवला नाही. नवरा आपल्याशी बोलतोय की रोमच्या बादशहाशी, हे तिला आवाजावरून कळायचं. आवाज इतका गोड असला म्हणजे बादशहाशीच.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांनी शिवलेला कोट अंगात घातला की पोक आलेला माणूससुद्धा सेनापती वाटायचा. पण हातातला कोट खाली ठेवला की मास्तरांचा जीव अडकायचा तो व्हॅलेन्स नावाच्या एका उतरत्या काळच्या रोमन बादशहात. त्याची ब्राँझची नाणी मास्तर जमवत. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी, करडी-तपकिरी, पाहुण्यांना दाखवली तर पाहुणे "वा" म्हणून हात पुसायचे.

"सोन्याची नाणी कुणीही जमवेल," मास्तर सांगत. "त्याला नुसता पैसा लागतो. ब्राँझसाठी नजर हवी, नजर."

या राजाची नाणी गावोगावच्या टांकसाळींत पडली आणि प्रत्येक गावाने आपली खूण नाण्याच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत उमटवली. मास्तरांकडे सगळ्या गावांचं एकेक नाणं होतं. फक्त अलेक्झांड्रिया नव्हतं. रविवारी नाणेमंडळाचं प्रदर्शन होतं आणि आपली रांग पूर्ण होणार हे मास्तर भेटेल त्याला सांगून चुकले होते. त्यासाठी त्यांनी मूठभर न धुतलेली, मातीने लडबडलेली नाणी आणून बशा-बशांतून तेलात भिजत घातली होती. रोज लाकडी काडीने ती टोकरत बसायचे.

"यातूनच निघणार अलेक्झांड्रिया. न निघून जातं कुठे?"

"तुमचा राजा लढाईत पडला तेव्हा त्याचं प्रेतसुद्धा सापडलं नव्हतं ना?" बायको म्हणाली. "मग तुम्हाला बशीत बरा सापडेल."

हे ती बोलू शकत होती. जे बोलता येत नव्हतं ते वेगळंच होतं. मास्तरांना दिसेनासं झालं होतं.

एकदम नव्हे. आधी सुईत दोरा जाईना. मग मुलगी सकाळी कामावर जाताना दोरे ओवलेल्या सुया उशीत टोचून ठेवायला लागली, आणि मास्तरांना वाटलं, हल्ली सुयाच चांगल्या येतात. मग काजं तिरकी व्हायला लागली. ती बायको मास्तर झोपल्यावर उसवायची आणि नव्याने घालायची. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही लांब झाली, तर त्याने "हल्ली अशीच पद्धत आहे" म्हणून तो मुकाट्याने नेला. मास्तरांच्या वडिलांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि त्यानंतर त्यांनी कधी कात्री हातात धरली नव्हती. तेव्हापासून या घरात डोळे हा शब्द बटाट्यापुरताच उरला होता. आणि मुलगी नोकरीला कुठे? तर चष्म्याच्या दुकानात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गुरुवारी दुपारी मास्तर अचानक ताठ उभे राहिले.

"निघालं."

"काय निघालं?"

"अलेक्झांड्रिया. इकडे ये. हा बघ राजा, आणि हा कैदी. राजा त्याला केसाला धरून फरफटत नेतोय. हे बघ खाली, अक्षरं."

बायकोने बघितलं. मास्तरांच्या तळहातावर एक बिगुल होता. बिगुलाला गोंडा होता. हे बँडवाल्यांच्या कोटाचं बटण होतं. गंज सुटावा म्हणून तिने बँडच्या ड्रमवाल्याची बटणं मास्तरांच्याच बशांशेजारी एका बशीत भिजत घातली होती आणि त्यांतलं एक ती कालपासून शोधत होती. त्याची मागची कडी मास्तरांनी किटण समजून घासून काढली होती.

"मागे जरा उंचवटा आहे," मास्तर म्हणाले. "शतकांचा थर. एवढा जिद्दी थर मी पाहिला नाही."

आता सांगावं? सांगितलं असतं तर बटणावर थांबलं नसतं. बटण का दिसलं नाही, इथपर्यंत गेलं असतं. आणि मास्तरांचा चेहरा असा उजळला होता की त्या उजेडात कुणीही सुई ओवली असती.

"छान आहे," बायको म्हणाली. आणि त्याच क्षणी तिने मनाशी ठरवलं की रविवारपर्यंत या बटणाचं नाणं करायचंच. आभाळ कोसळलं तरी.

संध्याकाळी ती मुलीला घेऊन जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली.

"व्हॅलेन्स आहे का? अलेक्झांड्रियाचा?"

दुकानदाराने त्या दोघींकडे असं पाहिलं की जणू भाजीवाल्याकडे कुणी हत्ती मागितला. मग मागे जाऊन त्याने एक डबी आणली. "राजा तोच आहे. गाव दुसरं आहे. पण बाई, खालची अक्षरं वाचतंय कोण?"

"आमच्याकडे तरी कुणी नाही," मुलगी म्हणाली, आणि आईने तिला कोपर मारलं.

शुक्रवारी मास्तर आंघोळीला गेले तेव्हा बायकोने मास्तरांनी मखमलीवर मांडलेलं बटण उचललं, खरं नाणं ठेवलं आणि काही झालंच नाही अशा थाटात बाही जोडायला बसली. मास्तर आले. त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे माझं नाही."

"अहो, काहीतरीच काय. चांगलं दिसतंय की..." ती थांबली. दिसण्याबद्दल या घरात बोलायचं नव्हतं.

"हे साधं नाणं आहे. माझ्याचा उठाव केवढा होता. चोरी झाली." मास्तर खाली बसले. "आणि चोर माहितगार आहे. नुसतं नेलं नाही, बदल्यात दुसरं ठेवून गेला. म्हणजे त्याला किंमत कळते."

"घरात कोण येतंय चोर?"

"ज्याला अलेक्झांड्रिया कळतं तो."

मास्तरांनी फोन उचलला आणि नाणेमंडळाच्या अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी आणखी कुणाकुणाला कळवलं. तासाभरात तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनीही मापाआधी चोराची चौकशी केली. एकाने तर आपला जुना कोट परत मागितला, दुकान सुरक्षित नाही म्हणून. शेवटी मास्तर पोलिसांत जायला चप्पल शोधू लागले, तेव्हा बायकोने मुलीला डोळ्याने खूण केली. मुलगी मशीनखाली, बटण दडवलं होतं तिथे, वाकली आणि दोन बोटांत बटण धरून उठली.

"बाबा, हे काय आहे?"

मास्तरांनी अंगठा फिरवला. "हेच ते. चोराने पळताना टाकलं असणार." त्यांनी ते खिशात ठेवलं आणि वरून खिशाला पिन लावली.

काल ते नुसतं नाणं होतं. आज ते चोरांनी डोळा ठेवलेलं नाणं झालं. अध्यक्षांचा निरोप आला की उद्या सकाळी मी जातीने बघायला येतो.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात मायलेकी कपबश्यांवरून कुजबुजत होत्या.

"तू सांग त्यांना," आई म्हणाली.

"मी? मी काही बोलले की बाबांना दुकानाची जाहिरात वाटते. तू सांग."

"मी इतकी वर्षं त्यांची काजं उसवतेय. आता सांगू तर कुठल्या काजापासून?"

"मग अध्यक्षच सांगतील. ते सगळं ओळखतात."

त्याने दोघींना जरा हायसं वाटलं. परक्याने सांगितलेलं बरं. परक्याशी अबोला धरून जेवण टाकता येत नाही.

अध्यक्ष आले ते दाराच्या चौकटीला खांदा घासत. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात चिमटा. ते खुर्चीत बसतात तोच मागोमाग ड्रमवाला आला. हा माणूस दारातून तिरका व्हायचा तेव्हाच आत मावायचा.

"काकू, कोट झाला का? दुपारी वाजवायला जायचंय."

"झालाय, झालाय. आत जाऊन घालून बघा." बायकोने कोट त्याच्या हातात कोंबला आणि त्याला पडद्यामागच्या ट्रायलरूममध्ये ढकललं. "आणि मी म्हणेपर्यंत बाहेर येऊ नका."

"एक बटण नाहीये काकू."

"माहीत आहे. श्वास रोखून उभे राहा."

इकडे मास्तरांनी खिशाची पिन काढून बटण मखमलीवर ठेवलं; अध्यक्षांनी ते चिमट्यात धरलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मुलीने बिस्किटं आधीच टेबलावर ठेवली होती; चहाचा ट्रे घेऊन ती दारातच थांबली.

"हं," अध्यक्ष म्हणाले.

मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले.

"मास्तर, कैद्याचे पाय पाहिलेत?"

"पाहिले."

"साखळदंड आहेत."

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले. "आणि वर तारा."

"तारा, आणि ताऱ्याच्या बाजूला चंद्रकोर."

"कोर मला आधी मळ वाटली."

"मळ नाही, कोरच. अलेक्झांड्रिया. शंकाच नको."

बायकोला आधी वाटलं, अध्यक्ष काय मोठ्या मनाचा माणूस आहे, म्हाताऱ्याचं मन राखतोय. मग अध्यक्षांनी बिस्किट उचललं, समोरच्या बशीत बुडवलं आणि खाल्लं. बशी चहाची नव्हती. नाणी भिजत घातलेल्या तेलाची होती.

"चहा उत्तम," अध्यक्ष म्हणाले, घास घशाखाली ढकलत.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटचा आधारही गेला.

"उद्या उद्घाटनाला संग्रहालयाच्या बाई येणार आहेत," अध्यक्ष सांगत होते. "तरुण आहेत, पण ब्राँझमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्या हातात पहिलं हेच द्यायचं. मास्तर, तुम्ही स्वतः द्यायचं. सगळ्या सभागृहासमोर."

बायकोच्या डोळ्यांसमोर ते सभागृह उभं राहिलं. मास्तर स्वतः शिवलेल्या कोटात, ताठ, हात पुढे केलेला. ती तरुण बाई तळहातावर बघते. वर बघते. आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी हसतं. आजवर तिने तिरकं काज सरळ केलं होतं, लांब बाही आखूड केली होती, पण लोकांचं हसणं उसवायला तिच्याकडे सुई नव्हती. ज्याला दिसत नाही असा शिंपी म्हणून उद्या अख्खं गाव त्यांना ओळखेल, आणि तेही परक्या बाईच्या तोंडून.

तेवढ्यात पडदा सरकला. ड्रमवाल्याचा श्वास संपला होता. तो कोट घालून बाहेर आला. छातीवर बिगुलांची दुहेरी रांग आणि मधे एक जागा रिकामी. त्याने टेबलाकडे पाहिलं, मखमलीकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं.

"ते माझं..." तो म्हणाला, आणि काकूंचा चेहरा बघून गप्प झाला. मोठ्या देहाची माणसं पटकन समजतात.

मुलीने ट्रे खाली ठेवला. आता सगळे त्या कोटाकडे बघत होते. मास्तर सोडून. मास्तर हसऱ्या चेहऱ्याने कोटाच्या साधारण दिशेला बघत होते.

"अहो," बायको म्हणाली. "ते बटण आहे."

"कोणतं?"

"तुमचं अलेक्झांड्रिया. बँडच्या कोटाचं बटण आहे. माझ्या बशीतून तुमच्या बशीत गेलं. नाणं बदलणारा चोरही मीच."

मास्तर हसले. मग हसायचे थांबले. ते उठले, टेबलाच्या कडेला हात धरून ड्रमवाल्यापर्यंत गेले आणि कापड तपासावं तसा त्यांनी त्याच्या छातीवर अंगठा ठेवला. पहिलं बटण. दुसरं. बिगुलाच्या कडेवरून, गोंड्यावरून, सावकाश. ड्रमवाला पोट आत ओढून उभा होता. अंगठा रिकाम्या जागेवर आला आणि तिथे थांबला. तिथलं काज मास्तरांनी बोटाने चाचपलं.

"हे काज सरळ आहे," ते म्हणाले.

त्यांचं बोट काजाच्या टाक्यांवरून पुन्हा फिरलं.

"म्हणजे माझं नाही."

"नाही," बायको म्हणाली.

मास्तरांनी काजावरचं बोट काढलं. अध्यक्षांनी चिमटा खाली ठेवला, तो टेबलावर न पडता जमिनीवर पडला.

"मला दिसत नाही," मास्तर म्हणाले.

मुलगी पुढे झाली, आणि बाबांचा हात धरायच्या आधी तिच्या पाठीमागून खुर्चीतला बारीक आवाज आला.

"मलाही," अध्यक्ष म्हणाले.