चौथ्या शिरेचे दौलतराव

चहात माशी पडली तर तुम्हीआम्ही एकतर माशी फेकतो, नाहीतर चहा. दौलतराव हवालदार दोन्ही फेकत नसत. माशी नखावर घेत, धोतराच्या सोग्यानं टिपत, खिशातून भिंग काढत आणि उजेडाकडे धरून तिचा पंख न्याहाळत. तोवर चहाचं पाणी झालेलं. मग निकाल मिळे, "शीर सरळ हाय. बागंतली हाय. प्या मास्तर, बिनघोर प्या." मी पीत नसे. ते पीत.

वाईजवळच्या एका गावात मी शाळामास्तर आणि ते माझे शेजारी. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, पण बंदूक फारशी चालवली नाही. छावणीतल्या माश्यांचा बंदोबस्त हे त्यांचं काम. "घरातली माशी अन् बागंतली माशी, दोगी सख्ख्या बहिणी दिसत्यात," ते सांगत. "रंग त्योच, अंगलट तीच. पंखातली चौथी शीर बघायची. टोकाला वाकली, तर ही हगवण आणणारी. सरळ गेली, तर मुळ्याच्या वाफ्यातली गरीब बाई."

या गरीब बाईच्या अळ्यांनी त्यांचा अख्खा मुळा पोखरला. "माणसाला तर मारत न्हाई," म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही.

गावाला आधी मजा वाटली. पण एका लग्नात ते बुंदीच्या परातीशी भिंग घेऊन बसले आणि नवरदेवाचा मामा पानावरून उठला, तेव्हा मजा ओसरली. पोरं त्यांना 'चौथी शीर' म्हणू लागली. ते रागावत नसत. "पयल्या नजरंवर जाऊ नये," एवढंच म्हणत. मला मात्र त्यांचा राग यायचा. माझ्या बायकोचं स्वयंपाकघर त्यांनी दोनदा तपासलं होतं.

त्यांचा धाकटा भाऊ शंकर त्याच छावणीत होता. तो परत आला नाही. डोंगराच्या घळीत त्याला गोळी लागली, असं दौलतरावांनी आईला सांगितलं होतं, आणि म्हातारी ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

लढाई संपल्यावर वर्षभरानं गावानं ठरवलं की शाळेच्या भिंतीत दगड बसवायचा आणि लढताना पडलेल्यांची नावं त्यावर कोरायची. यादी करायला मी दौलतरावांच्या सोप्यात जाऊन बसलो. म्हातारी पलीकडे तांदूळ निवडत होती. मी शंकरचं नाव लिहिलं आणि विचारलं, कुठं पडला?

दौलतरावांनी यादीवर हात ठेवला. मग म्हणाले, "दगडावर खोटं नको, मास्तर. त्यो हगवणीनं गेला. भटारखान्यात माश्या झाल्यात म्हणून मला बोलावलं हुतं. मी दारातनंच बघितलं अन् म्हणालो, बागंतल्या हायत. भिंग खिशात हुतं. काढलं न्हाई. त्याच भटारखान्यात शंकर जेवायचा."

मी लेखणी खाली ठेवली. या माणसावर मी इतके दिवस चिडलो, याची मला लाज वाटली. म्हातारीचे हात सुपात थांबले होते. आता ती लेकाला काय बोलेल, या धास्तीनं मला तिच्याकडे बघवेना.

"गोळी न्हाई लागली?" तिनं विचारलं.

"न्हाई, आये."

"मग कुठं हुता?"

"दवाखान्याच्या तंबूत. खाटंवर."

"जवळ कोण हुतं?"

"मीच. शेवटपतूर."

"पाणी कुणी पाजलं?"

"मीच पाजलं. चमच्यानं."

म्हातारी सूप बाजूला सारून उठली आणि भिंतीला धरत धरत त्यांच्यापाशी येऊन बसली.

"दोन वर्सं मी त्याला घळीत एकला पडल्याला बघतीया, दौलत्या," ती म्हणाली. "रोज पाणी मागतोय अन् कुणी न्हाई. एवढं सांगायचं न्हाईस व्हय रं मला?"