शेपटीत हवं ते डोक्यात

कोणत्याही सुसंस्कृत घरात दोष काय आहे हे कळण्याआधी तो कोणाचा हे ठरलेलं असतं. त्यामुळे वेळेची मोठी बचत होते. या घरात मूल होत नव्हतं आणि दोष सुनेचा होता. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही, हा तिचा आडमुठेपणा मानण्यात आला. आता तिने माहेरी जाऊन विश्रांती घ्यावी (परतीची तारीख नंतर कळवू), असं तीन विरुद्ध एक मतांनी ठरलं. तिने बॅग भरली. तेवढ्यात, केवळ फाइल पूर्ण दिसावी म्हणून, मुलाचीही तपासणी झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुक्रजंतू भरपूर आहेत, पण पोहत नाहीत. पोहण्यासाठी लागणारं एन्झाइम शेपटीत हवं. यांच्यात ते डोक्यात जाऊन बसलंय."

"पण आहे ना?" सासूबाई.

"आहे. जागेवर नाही."

सासऱ्यांनी चिरंजीवांकडे पाहिलं. (चिरंजीव ऑफिसातही असेच हजर असत.)

"एन्झाइम आपलं आपण कुठे जात नाही," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "शुक्रजंतू घडत असताना दुसरं एक प्रथिन त्याला धरून शेपटीपर्यंत नेतं. इथे ते सोबतीचं प्रथिनच नीट धरत नाहीये."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मी इतकी वर्षं तेच सांगतेय. आमचं चांगलंच आहे हो, सोबत धड नाही."

"अहो, ते प्रथिनही यांचंच. जन्मापासूनचं."

"मग लग्न झाल्यावर सुधारायला नको होतं?"

या प्रश्नावर शास्त्राकडे उत्तर नव्हतं. घराकडे होतं.

"उपाय आहे," डॉक्टरीणबाईंनी विषय बदलला. "एक शुक्रजंतू वेचून थेट स्त्रीबीजात सोडता येतो. पोहायची गरजच नाही."

"म्हणजे ह्याला काही करावं लागणार नाही?"

"फारसं नाही. इंजेक्शनं सूनबाईंना."

"मग हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. माहेरच्या विश्रांतीचा ठराव तिथल्या तिथे रद्द झाला.

"बॅग रिकामी करू ना मग?" सुनेने विचारलं. "की इंजेक्शनं लागू पडेपर्यंत असू दे?"

"बघ, लगेच तिरकं," सासूबाई म्हणाल्या.

"मात्र फार लांबवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वय वाढतंय."

सासरे, सासूबाई आणि मुलगा, तिघांनीही सुनेकडे पाहिलं. वाचकहो, तुम्हीही पाहिलंत. डॉक्टरीणबाई मुलाकडे पाहून बोलत होत्या.