तीन नंबरच्या मशीनचा मधला थर

सेर्वास हुंट्येन्सच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी होती. त्याने सहज तिचा कोपरा चोळला आणि पिशव्या दोन झाल्या.

एक मऊ, लोळागोळा. दुसरी कडक, कुरकुरणारी. चीजच्या या पिशवीला बाहेरून नायलॉन असायचं, चीजला हवा लागू नये म्हणून, आणि आतून पॉलिथिन, तोंड गरम करून चिकटवता यावं म्हणून. पण नायलॉन आणि पॉलिथिन यांचं मुळातच एकमेकांशी पटत नाही. कितीही तापवून एकावर एक दाबा, कोपरा चोळला की दोघं आपापल्या वाटेने जातात. म्हणून मधे तिसरा थर लागतो, केसाहून पातळ, दोघांचेही हात धरून ठेवणारा. सेर्वासने आयुष्याची तेवीस वर्षं या मधल्या थरावर घालवली होती. लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा तो बायकोला त्याच्याबद्दल सांगायचा आणि ती बिचारी ऐकून घ्यायची.

आता सकाळचे सात वाजले होते. दहाला उत्तर नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडहून चीज कारखान्याच्या बाउमाबाई नमुना बघायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर तीन वर्षांचं काम. नाहीतर तीन नंबरचं मशीन उचलून कंपनीच्या पोलंडमधल्या कारखान्यात जाणार, असं वरून स्वच्छ शब्दांत कळवलेलं होतं. मशीन गेलं की त्यावरचे दोन कामगार, गील आणि श्येंग, घरी, आणि त्यांच्या मागोमाग सेर्वासही. तो चोपन्न वर्षांचा होता. या वयात मधल्या थराचा माणूस कोण ठेवून घेणार?

मशीन ठणठणीत होतं. बिघाड माणसांत होता. मधल्या थराच्या टाकीत गील साधे पॉलिथिनचे दाणे ओतायचा आणि ओरडायचा, "झालं रे!" मग श्येंग त्यात चिकटवणाऱ्या दाण्यांचं एक माप टाकायचा. अकरा वर्षं हे असं चाललं होतं. दोन्ही दाणे साबुदाण्यासारखे पांढरे, त्यामुळे माप पडलं की नाही, हे टाकीत डोकावून कळायचं नाही. त्या ओरडण्यावरच सगळा भरवसा. आणि काल सकाळपासून गील ओरडायचा बंद झाला होता.

कारण होतं परवाचा गीलचा वाढदिवस. रिवाजाप्रमाणे त्याने सगळ्यांसाठी फ्लाई आणली होती, म्हणजे पिठाच्या गोल पारीत तांदळाची खीर भरलेली, बायकोने पहाटे उठून भाजलेली. श्येंगने पहिला घास घेतला आणि विचारलं, कुठल्या दुकानातली? तळ ओला राहिलाय म्हणून विचारतो. दक्षिणेकडच्या या लिंबुर्ग प्रांतात माणूस बाकी काहीही ऐकून घेईल, पण बायकोच्या फ्लाईच्या तळाबद्दल नाही.

सेर्वास आधी गीलकडे गेला. गील म्हणाला, आधी त्याने माफी मागावी. मग श्येंगकडे गेला. श्येंग म्हणाला, नुसतं दुकान विचारलं, त्यात माफी कसली? सेर्वासने घड्याळ पाहिलं आणि तेवीस वर्षांत प्रथमच कामावर खोटं बोलला. गीलला सांगितलं की श्येंगने गुपचूप दुसरा तुकडा घरी नेला, त्याच्या बायकोला कृती हवी आहे. श्येंगला सांगितलं की गील म्हणतो, माप टाकावं तर श्येंगनेच.

गील विरघळला तो इतका, की त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन लावून कृती उतरवून घेतली आणि श्येंगच्या हातात ठेवली. श्येंगला काही कळेना, पण कागदावर "तळ नीट भाजण्यासाठी" असा वेगळा परिच्छेद बघून तो गहिवरला. मी उगाच बोललो, असं त्याने कबूल केलं. नऊ वाजता "झालं रे!" अशी आरोळी उठली, माप पडलं, आणि पावणेदहाला अशी पिशवी निघाली की दातांनी ओढली तरी थर सुटेना. सेर्वासला तिचा मुका घ्यावासा वाटला.

बाउमाबाई बरोबर दहाला आल्या. त्यांनी पिशवी ओढून पाहिली, ताणून पाहिली.

"चांगली आहे," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "सगळ्यांची अशीच असते. यासाठी मी अडीच तास गाडी चालवली नाही." मग त्यांची नजर टेबलाखालच्या टोपलीकडे गेली. "ते काय आहे?"

सेर्वासने पाय आडवा घालायच्या आत त्यांनी ती सकाळची पिशवी उचलली. कोपरा चोळला. दोन झाल्या.

"तो खराब माल आहे, बाई," सेर्वास पुटपुटला. "मधला थर धरलेला नाही."

"हवा आत जाते?"

"हवा नाही जात. पण हे असं सुटतं..."

"अहो, सुटतं तेच तर हवंय. चिकटलेले थर वेगळे होत नाहीत, पुन्हा वितळवून वापरता येत नाहीत, म्हणून आमचा सगळा प्लॅस्टिकचा कचरा भट्टीत जातो. तीन वर्षं जो तो मला तक्ते दाखवतोय, आणि तुम्ही बोटाने करून दाखवलंत. माझं चीज आठ दिवसांत खपतं, तेवढं टिकलं की झालं. हीच पिशवी द्या."

बाई सही करून गेल्या. मशीन राहिलं, गील आणि श्येंग राहिले. कारखान्याचे मॅनेजर मात्र टेबलाशी रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे सेर्वास, आता मधल्या थराची गरजच नाही म्हण की." सेर्वासला हसावं की रडावं कळेना. मशीन त्यानेच वाचवलं होतं, ते स्वतःला बाद करून.

खालमानेने तो मशीनपाशी गेला आणि सांगितलं, यापुढे माप टाकायचं नाही. कालचा माल बरोबर होता.

गीलने हातातलं पोतं खाली ठेवलं. "म्हणजे आम्ही बोलत नव्हतो तेच बरोबर होतं?"

"तसं बघितलं तर, हो."

"मग मी बायकोची कृती फुकट दिली?"

"तुझी कृती मागितली कुणी होती?" श्येंग म्हणाला. "वर माफी मलाच मागायला लावली."

"मागितली नव्हतीस? सेर्वास तर म्हणाला..."

दोघांनी सेर्वासकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाठ फिरवली.

"सेर्वास, त्याला म्हणावं माझा कागद परत दे."

"सेर्वास, त्याला म्हणावं घरी येऊन घेऊन जा. आणि आता पॉलिथिन ओत म्हणावं, टाकी रिकामी होत आलीय."

दोघांच्या मधे जेमतेम हातभर अंतर होतं. मॅनेजर हे सगळं दारातून बघत होते. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि सेर्वासला विचारलं, निवृत्तीला अजून किती वर्षं आहेत.

"तेरा," सेर्वास म्हणाला.

"पुरतील का?" मॅनेजर म्हणाले, आणि सेर्वासची खुर्ची उचलून मशीनजवळ, बरोबर दोघांच्या मधे आणून ठेवली.